पाहुण्याचं वायफाय: ओसरी, माजघर आणि २००८चे ईमेल

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग कदाचित तुम्ही कुठल्यातरी कॅफेच्या नाहीतर स्टेशनच्या वायफायवरच ऐकत असाल. कनेक्ट करताना तिथे मोबाइल नंबर मागितला असेल, मग ओटीपी आला असेल, तुम्ही वैतागून तो टाकला असेल. हा ओटीपी का मागतात, याची गोष्ट आज सांगायची आहे. ती सुरू होते कोल्हापुरात माझ्या मामाच्या ऑफिसमध्ये, जाते अमेरिकेत आणि परत येते नवी मुंबईत. चला.

माझा मामा सीए आहे. ऑफिस छोटं: तो, दोन आर्टिकलशिप करणारी मुलं, एक अकाउंटंट आणि दारात रजिस्टर घेऊन बसणारे एक काका. रिटर्न भरायच्या दिवसांत बाहेरच्या बाकावर क्लायंट बसलेले असतात आणि बसल्या बसल्या प्रत्येक जण विचारतो, "वायफायचा पासवर्ड काय हो?" मामाने तो पासवर्ड व्हाइटबोर्डवरच लिहून ठेवला होता. मी गेल्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा ते बघून मला घाम फुटला. म्हटलं, "मामा, तुझ्या त्या शेअर्ड फोल्डरमध्ये लोकांचे पॅन नंबर आहेत, फॉर्म सोळा आहेत, बँकेची स्टेटमेंटं आहेत. आणि पासवर्ड फळ्यावर?" मामा म्हणाला, "अरे, आलेला माणूस ओळखीचाच असतो."

मी इंजिनिअर. लगेच नवा राउटर आणला, गेस्ट नेटवर्क चालू केलं, वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. वीस मिनिटांत काम झालं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी मोबाइलवर कोणालातरी पाठवायला म्हणून मुलीचा लग्नाचा बायोडेटा उघडला, आणि चुकून का मुद्दाम, प्रिंटचं बटण दाबलं. आतल्या खोलीतला प्रिंटर घर्रर्र करून चालू झाला आणि बायोडेटा बाहेर आला. गृहस्थ एकदम प्रसन्न. "तुमच्याकडे सोय चांगली आहे हो!" मामा हसला. मला हसू येईना. कारण पाहुण्यांच्या वायफायवरचा फोन जर आतल्या प्रिंटरपर्यंत पोचत असेल, तर तो त्या शेअर्ड फोल्डरपर्यंतही पोचू शकतो. मी नाव वेगळं दिलं होतं, दार मात्र एकच होतं.

चूक काय झाली होती ते शेवटी सांगतो. त्या रात्री मी वाचत बसलो, आणि लक्षात आलं की ही चूक माझ्या एकट्याची नाही. वायफायचा सगळा इतिहासच दोन प्रश्नांभोवती फिरतो. पहिला: आत आला होता तो कोण? दुसरा: आत आल्यावर तो कुठपर्यंत जाऊ शकला? हे दोन प्रश्न लक्षात ठेवा.

आधी हवा मोकळी झाली

रेडिओ लहरी वापरायच्या तर सरकारचा परवाना लागतो. १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या संस्थेने काही पट्टे, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ठरावीक अटींवर परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा. मायक्रोवेव्ह ओव्हन वगैरे याच पट्ट्यात चालतात, त्यामुळे तो तसा भंगारातच काढलेला. त्या भंगारातून वायफाय उभं राहिलं.

१९९७ मध्ये ८०२.११ नावाचं स्टँडर्ड आलं. वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं, वेग गेला ११ मेगाबिटवर, आणि याच सुमारास त्याला 'वायफाय' हे नाव मिळालं. त्याच वर्षी जुलैमध्ये स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर वायफायवर चालणारा आयबुक दाखवला आणि कुठे वायर लपवलेली नाही हे पटवायला त्याच्याभोवती चक्क हुला हूप फिरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण वायरचा एक फायदा होता, ज्याची आठवण तेव्हा फार कोणाला नव्हती. वायर ऑफिसच्या भिंतीच्या आत संपते. रेडिओ लहरी भिंत ओलांडून रस्त्यावर जातात. पूर्वी नेटवर्कला जोडायचं तर आधी ऑफिसात शिरावं लागायचं. आता बाहेर लावलेल्या गाडीत बसून जमणार होतं.

हे स्टँडर्ड बनवणाऱ्यांना माहीत होतं, म्हणून १९९७ मध्येच त्यांनी कुलूप दिलं होतं. त्याचं नाव डब्ल्यूईपी, आपण 'वेप' म्हणू. नावाचाच अर्थ होता 'तारेइतकीच खाजगी'. सुरुवातीची किल्ली ४० बिटची, कारण त्या काळात अमेरिकेतून मजबूत एन्क्रिप्शन बाहेर पाठवायला बंदी होती.

वेपमध्ये खरी गोची दुसरीच होती. समजा दवाखान्यात टोकन देतात. वेप प्रत्येक पॅकेटला असं एक टोकन द्यायचं, २४ बिटचं. म्हणजे एकूण टोकनं साधारण १ कोटी ६७ लाख. खूप वाटतात ना? गजबजलेल्या नेटवर्कवर ती काही तासांत संपतात आणि मग तेच नंबर पुन्हा यायला लागतात. एकाच टोकनची दोन पॅकेटं म्हणजे एकाच किल्लीने बंद केलेली दोन कुलपं. दोन्ही शेजारी ठेवून बघितली की आतलं काय ते हळूहळू उलगडतं. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी याहून मोठं भगदाड दाखवलं: नुसती पॅकेटं गोळा करत राहिलात तर मूळ किल्लीच काढता येते. आणि त्याच वर्षी ते काम आपोआप करणारं फुकट सॉफ्टवेअर इंटरनेटवर आलं.

२००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२. म्हणजे औषध बाजारात होतं. पण जुना राउटर चालतोय तर बदला कशाला? हे वाक्य कुठल्याही देशातल्या दुकानदाराच्या तोंडी शोभेल.

दुकानातून मुख्य ऑफिसपर्यंत

टीजेएक्स ही अमेरिकेतली मोठी कंपनी, कपड्यांच्या दुकानांची साखळी चालवते. २००५ मध्ये हॅकर तिच्या दोन दुकानांच्या वायफायमधून आत शिरले. त्या वायफायवर वेपचंच कुलूप होतं. कंपनी डब्ल्यूपीएकडे वळत होती, पण हळूहळू.

आता आपला दुसरा प्रश्न आठवा. आत आल्यावर ते कुठपर्यंत गेले? दुकानातून थेट कंपनीच्या मुख्य कॉम्प्युटरपर्यंत, जिथे देशोदेशीच्या ग्राहकांच्या कार्डांची माहिती होती. कंपनीला पत्ता लागला डिसेंबर २००६ मध्ये, जवळपास दीड वर्षाने. २००७ मध्ये कंपनीने जाहीर केलेला आकडा होता ४ कोटी ५७ लाख कार्डं. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोपांच्या यादीत दोन गोष्टी स्पष्ट मांडल्या. एक, वायरलेसवर पुरेसा अटकाव नव्हता. दोन, आतल्या कॉम्प्युटरांमध्ये एकमेकांपासून पुरेशी आडकाठी नव्हती. समझोत्यात पुढची वीस वर्षं दर दोन वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायचं बंधन आलं. टोळीच्या म्होरक्याला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

वेप फुटलं हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्या मते मोठा धडा वेगळा होता. कुलूप कधी ना कधी फुटणारच. वेप फुटलं. २००७च्या सुमारास बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोय आली. तिचा आठ आकडी पिन फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो हे २०११ मध्ये उघड झालं. डब्ल्यूपीए-२ मध्येही २०१७ मध्ये मोठा दोष सापडला. प्रश्न एवढाच की कुलूप फुटलेल्या रात्री चोर ओसरीवर असतो की तिजोरीपाशी.

२००८: पत्ता सापडला, माणूस नाही

आता आपल्याकडे येऊ. २००५ मध्ये भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला. ब्रॉडबँड घराघरांत यायला लागलं, सोबत राउटर यायचा. कनेक्शन जोडणारा माणूस ते चालू करून द्यायचा आणि जायचा. पासवर्ड लावायचा असतो हे फार कमी लोकांना ठाऊक होतं.

शनिवार, २६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये संध्याकाळी एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसं गेली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता, जबाबदारी घेणारा. तपास यंत्रणांनी नेहमीची वाट धरली. ईमेलवरून आयपी ॲड्रेस, आयपी ॲड्रेसवरून इंटरनेट कंपनी, कंपनीच्या वहीतून ग्राहकाचा पत्ता. तो पत्ता निघाला नवी मुंबईत, सानपाड्याला. तिथे राहत होता एक अमेरिकी नागरिक, जो इथे नोकरी करत होता.

त्याची चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासले गेले, देशभरच्या बातम्यांत नाव झळकलं. त्याचा काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, आणि कोणीतरी त्यावरून ईमेल पाठवला होता.

इथे जरा थांबू, कारण इंजिनिअर म्हणून मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. घरातले पाच फोन आणि दोन लॅपटॉप बाहेरच्या इंटरनेटला एकाच आयपी ॲड्रेसने दिसतात. बिल्डिंगचा पत्ता एक आणि आत चाळीस फ्लॅट, तसं. बाहेरून माग काढत येणारा तपास राउटरच्या दारात येऊन थांबतो. आत कोण होतं हे सांगायचं काम राउटरच्या मालकाचं. आणि मालकाकडे वहीच नसेल, तर उत्तर म्हणून त्याचं स्वतःचं नाव उरतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा एक ईमेल आला. या वेळी माग निघाला माटुंग्यातल्या एका कॉलेजचा. मग शनिवार, १३ सप्टेंबर, अहमदाबादनंतर बरोबर सात आठवड्यांनी, दिल्लीत स्फोट झाले. पुन्हा ईमेल. पुन्हा आयपी ॲड्रेस. या वेळी पत्ता होता चेंबूरमधल्या एका छोट्या खाजगी कंपनीच्या ऑफिसचा. तिथलंही वायफाय असुरक्षितच होतं.

एक फ्लॅट, एक कॉलेज, एक छोटं ऑफिस. मला यातलं तिसरं वाचताना मामाचा व्हाइटबोर्ड आठवला. तुम्ही सोमवारी सकाळी शटर उघडता आणि समोर दिल्लीच्या स्फोटांचा तपास करणारे पोलीस उभे. तुम्ही काय दाखवणार?

ओटीपीचा जन्म

यानंतर चक्रं भराभर फिरली. २००९च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन शहरात फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम काढली. परदेशात हौशी मंडळी गाडीतून फिरत हेच करायची, त्याला 'वॉरड्रायव्हिंग' म्हणायचे. इथे पोलीसच ते करायला निघाले.

२३ फेब्रुवारी २००९ ला दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या: ग्राहकांची वायफाय सुरक्षित करून घ्या, वापरणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय जोडू देऊ नका. हॉटेल, विमानतळ, कॅफे अशा सार्वजनिक जागांसाठी दोन वाटा दिल्या. एकतर फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत घ्या आणि वर्षभर ठेवा. नाहीतर लॉगिन आणि पासवर्ड एसएमएसने मोबाइलवर पाठवा आणि तो नंबर वर्षभर जपा.

दुसरी वाट म्हणजेच तुमचा ओटीपी! सिम कार्ड घेताना तुम्ही ओळखपत्र दिलेलं असतंच. त्यामुळे नंबर म्हणजे ओळख. कॅफेवाल्याला झेरॉक्सचा गठ्ठा सांभाळायला नको. २०१६च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलवर रेलटेल आणि गुगलचं फुकट वायफाय सुरू झालं, तिथेही पहिल्या पानावर मोबाइल नंबर होता. आपल्याला ती नुसती कटकट वाटते. तिच्यामागे सानपाड्याचा एक फ्लॅट आणि चेंबूरचं एक ऑफिस आहे.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे. नंबर घेतला की तो जपायची जबाबदारी येते, आणि सगळेच ती पाळत नाहीत. फुकट वायफायच्या बदल्यात जाहिरातीचे मेसेज यायला लागले असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. आणि ओटीपी 'कोण' या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो. 'कुठपर्यंत' या दुसऱ्या प्रश्नाला तो हातही लावत नाही. ओळखपत्र दाखवून आत आलेला माणूसही तिजोरी उघडू शकतोच की.

ओसरी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या जुन्या वाड्यात होतं. आलेला माणूस ओसरीवर बसायचा. पाणी, गूळ, चहा, गप्पा, सगळं तिथे. माजघरात घरची माणसं. कोणी पाहुण्याचा अपमान करत नव्हतं. घराची बांधणीच तशी होती. ओसरीवरून रस्ता दिसायचा, माजघरातले डबे दिसायचे नाहीत.

नेटवर्कमध्ये ही भिंत बांधायची रीत वायफायइतकीच जुनी आहे. व्हीलॅन म्हणतात तिला, एकाच वायरवर दोन वेगळी नेटवर्कं चालवायची. तिचं ८०२.१क्यू हे स्टँडर्ड १९९८चं. पण मोठ्या कंपन्यांकडेच ते हार्डवेअर आणि ते जमणारी माणसं होती. घरगुती राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' हे साधं बटण यायला आणखी दहा वर्षं गेली. ॲपलने ते आपल्या राउटरमध्ये मार्च २००९ मध्ये दिलं. म्हणजे दूरसंचार विभागाच्या त्या सूचनांनंतर काही दिवसांतच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण एका प्रश्नाचं उत्तर दिल्लीतून आलं आणि दुसऱ्याचं कॅलिफोर्नियातून, जवळपास एकाच वेळी.

आता माझी चूक. ऑफिसात इंटरनेट कंपनीचा राउटर आधीच होता. मी माझा नवा राउटर त्याला जोडला आणि 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाकला. या मोडमध्ये राउटर स्वतः भिंत बांधत नाही, आलेलं सगळं मागच्या नेटवर्कमध्ये सोडतो. बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये त्यामुळे गेस्ट नेटवर्क नावापुरतंच उरतं. ओसरी अशी पाटी लावली होती आणि मागची भिंत पाडून टाकली होती! त्या बायोडेटाने ते दाखवून दिलं. त्या मुलीचं भलं होवो.

मग मी काय केलं ते इतिहासाच्याच क्रमाने सांगतो.

राउटर पुन्हा राउटर मोडवर आणला, ऑफिसची सगळी मशीनं त्याच्यावर घेतली. कंपनीच्या जुन्या राउटरचं वायफाय बंद. गेस्टला आतलं नेटवर्क दिसू देणारा पर्याय बंद, आणि एका पाहुण्याच्या फोनला दुसऱ्याचा फोन दिसू नये म्हणून आयसोलेशन चालू. हा टीजेएक्सचा धडा.

दोन्ही नेटवर्कवर डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३. डब्ल्यूपीएस बंद. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदलला, कारण तो डब्याच्या खालीच छापलेला असतो. फर्मवेअर अपडेट केलं. हा वेपचा धडा.

गेस्टचा पासवर्ड दर सोमवारी बदलतो. तो आता फळ्यावर नाही, दारातल्या काकांकडे चिठ्ठीवर असतो. ते रजिस्टरमध्ये नाव, नंबर, वेळ लिहितात आणि मग चिठ्ठी देतात. राउटरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलं आणि लॉग चालू केला. घड्याळ चुकीचं असेल तर लॉग म्हणजे रद्दी. आणि छोटे राउटर वीज गेली की लॉग विसरतात, म्हणून तो ऑफिसच्या एका कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो. २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय, त्यामुळे ही सवय असलेली बरी. हा सानपाडा-चेंबूरचा धडा.

आणि शेवटची पायरी, जी मी पहिल्यांदा केलीच नव्हती: स्वतः पाहुणा होऊन बघणं. माझा फोन गेस्टवर जोडला, बाकावर बसलो आणि प्रिंट दाबलं. प्रिंटर सापडला नाही. शेअर्ड फोल्डर उघडला नाही. राउटरच्या सेटिंगचं पान आलं नाही. यूट्यूब मात्र मस्त चाललं. ओसरीवर एवढंच पाहिजे.

मामाला सगळी गोष्ट सांगितली, अगदी चेंबूरच्या ऑफिसपर्यंत. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे हे माझ्यासाठी पण आहे आणि त्या बाकावरच्यासाठी पण." मी म्हटलं, "हो." क्लायंटचे कागद सुरक्षित, आणि उद्या काही झालं तर त्या दिवशी बाकावर बसलेल्या बाकीच्या दहा निरपराध माणसांवर उगाच संशय नाही. सानपाड्याच्या त्या माणसाला हेच मिळालं नव्हतं.

तर मंडळी, आज घरी गेलात, किंवा बाबांच्या दुकानात, ताईच्या क्लिनिकमध्ये, काकांच्या क्लासमध्ये गेलात, की एक काम करा. तिथल्या गेस्ट वायफायला जोडा आणि प्रिंट दाबून बघा. प्रिंटर घर्रर्र करून चालू झाला, तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या, आणि फळ्यावरचा पासवर्ड पुसून टाका!